हॅम्बुर्ग ते लंडन, दीड तास

दोह्यात नोकरीला होतो तेव्हा युरोपातल्या बऱ्याच शहरांमधली अंतरं मला तोंडपाठ होती. पॅरिस ते लंडन सव्वादोनशे मैलांच्या आत, एक तास. झुरिक ते व्हिएन्ना पावणेचारशेच्या आसपास, सव्वा तास. यातलं एकही शहर मी पाहिलेलं नव्हतं. मी राजापूर तालुक्यातला. मुंबईहून आमच्या गावी एस.टी.नं जायला अख्खी रात्र आणि वर अर्धी सकाळ लागायची, आणि मैल मोजले तर ते पॅरिस-लंडनपेक्षा फार काही जास्त नव्हते.

मुशैरिबच्या रस्त्यावर एक ट्रॅव्हल एजन्सी होती, तिथे मी तिकिटांच्या काउंटरवर बसायचो. ऐंशीनंतरची ती दोन-चार वर्षं. मॅनेजर लेबनॉनचा होता. काउंटरवर टेलिफोनच्या डिरेक्टरीपेक्षा जाड असं विमानांच्या वेळांचं पुस्तक असायचं. ते दर महिन्याला पोस्टानं यायचं, कधी वेळेवर, कधी पंधरा दिवस उशिरा. तिकिटं हातानं लिहायची, पानांच्या पाठीला लाल कार्बन, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बोटं लाल होत. तिकिटाचं भाडं मैलांवर ठरे, म्हणून मैल पाठ. गिऱ्हाइकानं विचारलं की पुस्तक न उघडता मी आकडा सांगायचो आणि त्याच्या तोंडाकडे बघायचो. त्या वयात एवढीच एक ऐट होती माझ्याजवळ.

बाकी बसून काम असलं तरी मला बसवत नसे. दुपारी साडेबारा ते चार दुकान बंद असायचं, तेव्हा सगळे खोलीवर जाऊन झोपत. मी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, चालायला जायचो, त्या उन्हात. पलीकडे वेस्ट बेच्या बाजूला तेव्हा भराव टाकलेली नुसती जमीन होती. दिवसभर दुसऱ्यांना कुठे कुठे पाठवायचं आणि आपण त्याच खुर्चीवर, हे काही मनाला सोसत नव्हतं. कुणी घाईत आला की माझाही जीव घाईला येई.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी कराडकडचा एक फिटर कंपनीचं पत्र घेऊन आला. चाळिशीतला, उंच, हात तेलानं कायमचे काळवंडलेले. दोह्याजवळच्या उम्म सईदच्या कारखान्यात तो कॉम्प्रेसरवर काम करायचा. ती यंत्रं जर्मनीची. त्यांची दुरुस्ती शिकायला कंपनी त्याला सहा आठवडे हॅम्बुर्गला पाठवत होती. त्याच्याबरोबर आणखी दोघं जायचे होते, त्यांचं ऐन वेळी रद्द झालं, आणि हा एकटाच उरला होता. पत्र इंग्रजीत होतं, पण नाव वाचून मी मराठीत बोललो तेव्हा त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"बरं झालं बघा. मला इंग्लिश येतं ते नटबोल्टापुरतं. त्याच्या पुढं न्हाई."

मी तिकीट लिहिलं. जाताना दोहा, लंडन, हॅम्बुर्ग. येताना ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याच वाटेनं उलट. सप्टेंबरचं पुस्तक समोर होतं, त्यातून परतीच्या वेळा उतरवल्या. हॅम्बुर्गहून सकाळी सव्वानऊला निघायचं, लंडनला पावणेदहाला. तिथून साडेअकराला दोह्याचं विमान.

"लांब किती पडतंय हॅम्बुर्ग ते लंडन?" त्यानं विचारलं.

"चारशे साठ मैल," मी पुस्तकाकडे न बघता म्हणालो. "दीड तास."

तो तिकिटाकडे बघत राहिला. काळं बोट एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर नेलं.

"पर हितं तर अर्ध्याच तासाचं लिवलंय. सव्वानऊला सुटतंय, पावणेधाला पोचतंय."

मला हसू आलं. मी त्याला समजावून सांगितलं, लंडनचं घड्याळ एक तास मागे असतं. हॅम्बुर्गला पावणेअकरा होतील तेव्हा लंडनला पावणेदहाच वाजलेले असतील. त्यानं मान हलवली. जाता जाता म्हणाला, "म्हंजे एक तास फुकटात मिळाला म्हना की." दुकानातल्या दोन-तीन लोकांनी वळून बघितलं इतक्या मोठ्यानं मी हसलो होतो.

तो गेला आणि मी त्याला विसरलो. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या, सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी होती, रोज शंभर कटकटी. ऑक्टोबरचं पुस्तक आलं तेव्हा ते नुसतं फळीवर ठेवलं गेलं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मला पुण्याच्या एका कुटुंबात जेवायला बोलावलं होतं. तिथे शुक्रवारी सुट्टी. ज्यांची बायकामुलं जवळ असत ती घरं आम्हा एकट्या माणसांना आळीपाळीनं बोलावत. हे गृहस्थ त्याच उम्म सईदच्या कारखान्यात इंजिनियर होते. मी त्यांना साहेब म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. सहा-सात वर्षांची एक मुलगी. आईनं मराठीत विचारलेलं तिला सगळं समजे, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

भरली वांगी आणि मसालेभात होता. साहेब कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते. म्हणाले, "काल सकाळी दहाला हॅम्बुर्गला फोन लावला. म्हटलं, तिथे नऊ झाले असतील, माणसं जागेवर असतील. तर ऑफिसात चिटपाखरू नाही! मग कळलं, तिथे आठच वाजले होते. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली म्हणे. उन्हाळा संपला की घेतात."

वहिनी भात वाढायला वाकल्या होत्या. मी हात आडवा धरला आणि तसाच राहिलो.

बुधवारीच मी लंडनच्या एका ऑफिसशी फोनवर बोललो होतो. तिथल्या बाईनं वेळ सांगितली होती. लंडन आमच्या दोन तास मागे होतं, उन्हाळ्यात होतं तेवढंच. म्हणजे लंडननं घड्याळ हलवलेलं नव्हतं, ते महिन्याच्या शेवटी हलवणार होते. आणि आता हॅम्बुर्गही दोन तास मागे. दोन्ही शहरांत घड्याळ सारखं झालं होतं. सव्वानऊला निघालेलं विमान दीड तासानं पावणेअकरालाच पोचणार. साडेअकराला दोह्याचं विमान, तेही दुसऱ्या टर्मिनलवरून. पाऊण तासात उतरायचं, बस पकडायची, वाट विचारायची, आणि विचारायची ती नटबोल्टाच्या इंग्रजीत.

"काय झालं? तिखट लागलं का?" वहिनींनी विचारलं.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचा तो फिटर उद्या निघतोय ना?"

"हो, उद्या सकाळी. का?"

मी सांगितलं. सांगताना शब्द पुढेमागे होत होते, म्हणून साहेबांनी मला थांबवलं आणि पेपराच्या कडेवर स्वतः आकडे मांडले. पेन खाली ठेवून म्हणाले, "चुकणार. नक्की चुकणार."

विमान चुकलं तर पुढचं मंगळवारी होतं. पण खरी धास्ती वेगळी होती. त्याच्या कतारला परतण्याच्या परवान्याची मुदत रविवारी संपत होती. तिकीट करताना त्याचा पासपोर्ट मीच पाहिला होता, तारीख मीच वाचली होती. रविवारपर्यंत आला नाही तर त्याला दोह्यात उतरू देणार नव्हते, सरळ मुंबईला पाठवला असता. मग नवा व्हिसा कधी, आणि मिळाला तर. लंडनमध्ये बाहेर पडायचाही व्हिसा त्याच्याकडे नव्हता. तीन दिवस तो विमानतळाच्या बाकावर बसलेला मला दिसायला लागला.

मी हात धुतले. साहेबांच्या घरी कंपनीचा फोन होता, पण परदेशचा कॉल एक्स्चेंजकडून बुक करावा लागे. सव्वा वाजले होते, हॅम्बुर्गला सव्वाअकरा. तिथे शुक्रवार कामाचा दिवस. साहेब म्हणाले, "दुपारी एक-दीडला सुटतात ते शुक्रवारी. त्याआधी लागला पाहिजे." त्यांनी कारखान्याचा नंबर दिला. एक्स्चेंजमधला माणूस म्हणाला, लाइन मिळाली की रिंग करतो, इन्शाल्ला.

पुढचे दोन तास मी त्या घरात कसे काढले ते मलाच माहीत. बैठकीच्या खोलीत सोफ्यापासून खिडकीपर्यंत सात पावलं होती. खिडकीबाहेर पाण्याचा टँकर उभा होता. मी सोफ्यावर बसायचो, उठायचो, खिडकीशी जायचो. दोनदा साहेबांनी एक्स्चेंजला आठवण केली. वहिनींनी ताक आणून दिलं, ते मी उभ्यानंच प्यायलो. मुलगी कोपऱ्यात चित्र काढत होती, तिनं आईला विचारलं, "व्हाय इज अंकल वॉकिंग सो मच?" वहिनी म्हणाल्या, "काका व्यायाम करतायत." मला त्यावर हसताही आलं नाही.

मधेच साहेब म्हणाले, "अरे, पुस्तकाची चूक आहे ती. तू काय करणार?" पुस्तक सप्टेंबरचं होतं, आणि सप्टेंबरपुरतं ते बरोबरच होतं.

तीन वीसला घंटी वाजली. साहेबांनी झडप घातली. पलीकडे कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी होता. बाकी सगळे गेलेले. साहेब मोठमोठ्यानं इंग्रजी बोलत होते, एकेक शब्द तोडून, आणि मी त्यांच्या खांद्याशी उभा राहून नुसता मान हलवत होतो. त्या भल्या माणसाला एवढं समजलं की हिंदुस्थानातून आलेल्या माणसाबद्दल विचारतायत. बाहेरून शिकायला येणारे सगळे एकाच बाईच्या घरी राहत, खोल्या भाड्यानं देणाऱ्या. तिचा नंबर त्यानं दिला. पुन्हा एक्स्चेंज, पुन्हा कॉल बुक, पुन्हा सात पावलं.

दुसरा कॉल साडेचारला लागला. म्हणजे तिथे अडीच. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. साहेबांना यंत्रांच्या कागदांवरून जर्मन आकडे आणि थोडे शब्द येत. त्यांनी फिटरचं नाव सांगितलं. बाई काहीतरी लांबलचक बोलली. साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"तो घरी नाही. बाहेर गेलाय. खरेदीला असणार, उद्या निघायचं म्हणून."

"कधी येईल?"

"ते काही कळलं नाही मला."

हॅम्बुर्गहून सकाळी सात पाचला लंडनचं आणखी एक विमान होतं, ते मला पाठ होतं. ते त्यानं धरलं की काम झालं. पण हे सांगायचं कसं? साहेबांनी तिला 'सात' सांगितलं, ते तिला कळलं. 'विमान' कळलं असावं असं वाटलं. पण दोन विमानांतलं आधीचं घ्यायचं, नंतरचं सोडायचं, हे त्यांच्या जर्मनमध्ये बसेना. मिनिटं चालली होती. एक्स्चेंजवाला मधे बोलून गेला की वेळ संपत आलीय.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिला मराठीतच लिहून घ्यायला सांगा ना. ऐकू येईल तसं लिहील ती. त्याला वाचून दाखवेल."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

"मी नाही का हिला लिहून देत? आजीला फोनवर काय बोलायचं ते मराठी, पण एबीसीडीत. निम्मे शब्द कळत नाहीत तरी सगळं वाचते आणि आजीला कळतं."

साहेबांनी 'लिहा' हा शब्द जर्मनमध्ये आठवून काढला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "पहिलं विमान धरा. दुसरं विमान सोडून द्या. कारण लंडनला..."

"लांबड लावू नका," वहिनी म्हणाल्या. "चार-पाच शब्द. आणि अहो-जाहो राहू द्या आता."

माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला 'धर' म्हणायचं जिवावर आलं. पण म्हणालो. "पहिलं विमान धर. दुसरं नको." एकेक शब्द तीन-तीनदा. पलीकडे पेन्सिलीचा आवाज येत होता की तारेची खरखर होती, कोण जाणे. मग बाईनं वाचून दाखवलं, सावकाश, शाळेत उभं केल्यासारखं.

"पाइला विमान दार. दुझरा नोको."

"या, या!" साहेब जर्मन होकार देत रिसीव्हरमध्ये ओरडले. तिथेच लाइन कापली गेली.

काम अर्धंच झालं होतं. त्या सकाळच्या विमानात जागा हवी होती. साहेबांनी गाडी काढली आणि आम्ही विमानतळावर गेलो. एअरलाइनचं शहरातलं ऑफिस शुक्रवारी बंद, पण विमानतळावर त्यांचा एक मल्याळी माणूस असायचा, माझ्या ओळखीचा. त्यानं तारेच्या मशीनवर, टेलेक्सवर, निरोप पाठवला. आम्ही उभ्यानं चहा घेतला. अर्ध्या-पाऊण तासानं उत्तर आलं. विमान भरलंय, नाव वेटिंगवर घेतलंय.

"सकाळी मिळते बहुतेक," तो म्हणाला. "शनिवारचे धंदेवाले येत नाहीत."

'बहुतेक' घेऊन मी खोलीवर आलो.

शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं आणि त्याची फाइल काढली. आत टेलेक्सचा कागद होता, लंडन-हॅम्बुर्गच्या जागा पक्क्या झाल्याचा. ऑगस्टच्या अखेरीस आलेला. त्यावर येतानाची वेळ स्पष्ट छापली होती, लंडनला पोच दहा पंचेचाळीस. मी जागा पक्की झालीय एवढंच पाहिलं होतं आणि कागद लावून टाकला होता. काल साहेब पुस्तकाची चूक म्हणाले ते निदान पांघरायला तरी होतं. आता तेही राहिलं नाही.

आमच्या नऊ पाचला हॅम्बुर्गचं विमान सुटायचं होतं. नऊला मी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. नऊ पाच झाले. काहीच झालं नाही, अर्थात. एक माणूस मुंबईचं तिकीट मागत होता, मी त्याला मद्रासचं लिहून दिलं. त्यानं ते परत केलं. दुसरं लिहिताना तारीख चुकलो. मॅनेजर आतून बघत होता. त्यानं मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

मी सगळं सांगितलं, टेलेक्सचा कागदही दाखवला. त्यानं कागद उजेडाकडे धरून वाचला.

"हे किती जणांना माहीत आहे?"

मी म्हणालो, इंजिनियरसाहेबांना, आणि विमानतळावरच्या माणसाला.

"जो माणूस येणार आहे त्याला?"

"नाही."

"मग खलास. तो आला तर संपलं. नाही आला तर मी आणि तू जाऊन त्याच्या कंपनीसमोर उभे राहू. आता जा, आणि तिकिटं लिहू नकोस आज. फायली लाव."

दिवसभर मी फायली लावल्या. त्या निमित्तानं सप्टेंबर-ऑक्टोबरची सगळी तिकिटं तपासली. असं आणखी एक सापडलं, ॲमस्टरडॅमचं, पण त्यात मधे चार तास होते. लंडनहून विमान आमच्या दीडला सुटायचं. दीड वाजता मी कॉर्निशवर होतो. तिथून विमानतळाची धावपट्टी दिसते, आणि लंडनचं विमान यायला अजून साडेसहा तास होते, तरी वर बघत होतो.

आठला विमान उतरलं. साहेब आणि मी कठड्याशी उभे होतो. आधी गोरे आले, मग सूटवाले, मग बायका-मुलं. आमच्यासारखी माणसं नेहमी शेवटी येत, त्यांचे कागद जास्त वेळ बघितले जायचे. साडेआठ, पावणेनऊ. मी दाराच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न केला तेव्हा शिपायानं मला मागे सारलं.

मग तो आला. अंगात नवा करड्या रंगाचा कोट, हातात दोरीनं बांधलेलं खोकं. आम्हाला बघून त्याला काही कळेना.

"साहेब, तुमी? काय झालं? घराकडनं काय तार-बिर आली का?"

"काही नाही, काही नाही," साहेब म्हणाले. "सहज आलो."

गाडीत बसल्यावर त्यानं आपण होऊन सांगितलं. संध्याकाळी तो सामान घेऊन घरी आला तर म्हातारी जिन्यातच कागद घेऊन उभी. त्याला बघितल्याबरोबर मोठ्यानं वाचायला लागली.

"मला वाटलं दार उघड म्हंतीया. म्या दार उघडलं. ती डोकं हलवती आन पुन्ना म्हंती, दार, दार. म्या दुसरं दार उघडलं. मग म्हनली, दुझरा नोको. तवा ध्यानात आलं, आरं, ही तर आपली बोली! अंगावर काटा आला बघा. दीड महिना आपला शबुद कानावर न्हवता. धर म्हनली तवा वाटलं घरचंच मानूस बोलतंय."

त्यानं तिच्यासमोर तिकीट धरलं. तिनं बोटं दाखवली, सात. घड्याळ दाखवलं, टॅक्सीला फोन केला, पहाटे उठवून पाव आणि अंडी बांधून दिली. विमानतळावर काउंटरवाल्यांनी त्याला अर्धा तास उभं केलं आणि अगदी शेवटी आत घेतलं. सगळं सांगून झाल्यावर पुढे वाकून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमीच असनार हे मला तवाच कळलं. ह्या मानसानं जर्मनीत मराठी बोलवली."

साहेब आरशातून माझ्याकडे बघत होते. मी बाहेर बघत राहिलो.

आणि तिथून माझा खरा त्रास सुरू झाला. पुढच्या महिन्याभरात उम्म सईदच्या कॅम्पातून माणसं माझ्याकडे यायला लागली. कराडची, सांगलीची, एक-दोन लातूरकडचे. मधली चार दुकानं सोडून इथे. "आमच्या फिटरला जर्मनीतून आनलं ते तुमीच का?" असं विचारत. नवा माणूस तीच गोष्ट मला माझ्याच तोंडावर सांगायचा, थोडी वाढवून. एकाच्या तोंडी तर मी लंडनमध्ये विमान थांबवून धरलं होतं. मॅनेजर खूश होता. मी प्रत्येकाचं तिकीट तीनदा तपासायचो आणि तरी दुपारी चालायला गेलो की मधूनच परत फिरायचो, एखादी वेळ पुन्हा बघायला.

हिवाळा लागताना तो स्वतः आला, सुट्टीचं मुंबईचं तिकीट काढायला. मी त्याला शेजारच्या चहाच्या दुकानात नेलं. तिथे उभ्याउभ्या सांगून टाकलं. चूक माझी होती, टेलेक्स फाइलमध्ये होता, मी वाचला नव्हता.

त्यानं चहाचा घोट घेतला.

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं? साहेबांनी?"

"सांगतंय कोन. लंडनला तीन तास बसून हुतो. करायचं काय? त्यो बोर्ड बघत बसलो. माझं आदीचं हॅम्बुर्गचं इमान, सव्वानऊचं, त्ये कवा पोचतंय बघू म्हटलं. पावनेअकराला पोचलं. तुमी पावनेधा लिवलेलं. मीटर वाचायचंच काम हाय माझं, साहेब."

मी विचारलं, "मग राग नाही आला?"

"आला की. आन तिथं चा घ्यायला गेलो तर माझ्याकडच्या नोटा घेईनात. त्यो राग जास्ती हुता."

"आणि मग कॅम्पात सगळ्यांना असं का सांगितलंत?"

"जे झालं त्येच सांगितलं. तुमी फोन केला का न्हाई? केला. बाकीचं इचारलंच न्हाई कुनी." त्यानं ग्लास खाली ठेवला. "आता मुंबईचं तिकीट नीट लिवा म्हंजे झालं."

मी हसलो, पण हलकं वगैरे काही वाटलं नाही. पुढे कित्येक महिने कुणाच्याही तिकिटावर ऑक्टोबर दिसला की मी टेलेक्सचा कागद पुन्हा काढून वाचायचो.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं आणखी तिघांना हॅम्बुर्गला पाठवलं. ती तिकिटं मीच केली, वेळा मराठीत वेगळ्या कागदावर लिहून दिल्या. त्याच महिन्यात मी गावाहून आलो होतो, येताना काजू आणले होते. त्यातले दोन किलो डब्यात भरले, वरून फडकं शिवलं आणि त्यांच्यातल्या एकाजवळ दिलं. म्हटलं, तुम्ही जिथे राहाल तिथल्या बाईंना द्या, दोह्यातून म्हणून सांगा. वहिनींनीही एक जरीकाठी रुमाल दिला.

सहा आठवड्यांनी तिघं परत आले. बाई तिथे नव्हत्या. घर विकून मुलीकडे राहायला गेल्या होत्या, कुठल्या गावी ते शेजाऱ्यांना विचारायचं यांना जमलं नाही. आता हे लोक कारखान्याच्या वसतिगृहात उतरले होते. रुमाल त्यांनी जसाच्या तसा परत आणला. काजूचं विचारलं तेव्हा तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्याच आठवड्यात संपले होते. थंडी फार होती, म्हणाले, आणि काजू चांगले होते.